बॉनेटखालचा खडू

रोपवाटिकावाला अकराला येणार होता. त्याआधी गाडी कुणी सुरू करायची नाही, असं घरातल्या प्रत्येकाचं दुसऱ्याला सकाळपासून दोन-दोनदा बजावून झालं होतं. नियम अप्पांचा. गार इंजिन खरं बोलतं, तापलं की तेही चारचौघांसारखं गोड बोलायला लागतं, असं ते तीस वर्षं सांगत आले होते. जुनी डिझेल गाडी घ्यायला जाणाऱ्यानं आधी बॉनेटवर तळहात ठेवावा, आणि ऊब लागली तर चहा पिऊन परत यावं. आता गाडी विकायची वेळ स्वतःवर आली तरी नियम तोच. फसवून विकायची तर विकायचीच कशाला?

विकायचं ठरलं होतं ते चार महिन्यांपूर्वी, फाटकाच्या खांबामुळे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं, अशा अवस्थेत अप्पांनी कुणाला न सांगता गाडी बाहेर काढली आणि परत येताना खांबाचा अर्धा भाग बंपरवर घेऊन आले. घोरपडीला ओरखडासुद्धा नव्हता. मातकट हिरवी, पुढून रुंद, चढाला चिकटली की सुटायची नाही, म्हणून तिचं नाव घोरपड. अप्पा जमीनमोजणीच्या कामावर होते तेव्हा तिनं त्यांना जिथं वाट नव्हती तिथंही नेलं होतं. पण थोरली सून शाळेत गणित शिकवणारी, तिनं त्या संध्याकाळी सरळ हिशेब मांडला. आज खांब होता, उद्या माणूस असेल. थोरल्यानं बायकोच्या सुरात सूर मिसळला, जरा जास्तच जोरात. अप्पा म्हणाले, "विका." एवढंच. त्यानंतर गाडीचा विषय घरात कुणी काढला नाही.

हे धाकट्या सुनेनं पाहिलं होतं, पण बोलली नव्हती. घोरपड तिच्याआधी या घरात आलेली. लग्नाला दोन वर्षं होऊनही गाडीच्या बाबतीत ती पाहुणीच होती. खरं तर आठ वर्षं मामाच्या वर्कशॉपमध्ये डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात गेलेली. डोळे मिटून नुसत्या ठोक्यावरून कुठला सिलिंडर कामचुकार आहे ते ती सांगायची. पण इथे गाडीतला शेवटचा शब्द थोरल्याचा, कारण बाराव्या वर्षी त्यानं अप्पांना पाना धरून दिला होता. आता तो औषधांचं दुकान चालवत असला म्हणून काय झालं, ज्येष्ठता ती ज्येष्ठता.

आणि धाकटीचे हात मोकळे कुठे होते? सात महिन्यांची टिटवी होती ना. दिवसा रडायची, रात्रीही रडायची, म्हणून टिटवी. तिला झोपवायचा एकच उपाय घराला सापडला होता, तोही अपघातानं. बॅटरी उतरू नये म्हणून अप्पा रोज दुपारी एक वाजता घोरपड वीस मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायचे. धुराचं नळकांडं फाटकाकडे, पाळणा दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराच्या खिडकीत. तो धडधडता, जडशीळ ठोका सुरू झाला की टिटवीच्या पापण्या मिटायच्या. त्या वीस मिनिटांत धाकटी जेवायची, कधी नुसतीच बसून राहायची.

तीन आठवड्यांपासून मात्र टिटवी त्या आवाजाला दचकून उठत होती. दात येत असतील, असं सगळे म्हणाले. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली होती. ठोका ओला वाटत होता, जणू कुणी भरल्या तोंडानं बोलतंय. पण ज्या गाडीचं नाव घ्यायचं नाही, तिच्या तब्येतीची चौकशी करायची कशी?

रोपवाटिकावाला अकराला पाच कमी असताना आला. बुटका, नखांत माती, खिशात बारकी कात्री. त्याला डोंगरउतारावरच्या वाफ्यांपर्यंत रोपं न्यायला गाडी हवी होती. त्यानं आल्या आल्या बॉनेटवर तळहात ठेवला, तेव्हा अप्पांच्या चेहऱ्यावर त्या सकाळचं पहिलं समाधान दिसलं. माणूस बरा होता. निदान गाडी झाडांत जाईल, असं सासूबाई, म्हणजे आई, धाकटीच्या कानाशी म्हणाल्या.

थोरल्यानं किल्ली फिरवली. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबला, मग स्टार्टर मारला. घोरपड खोकली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. मागून निळसर धुराचा असा लोट निघाला की फाटक दिसेना. स्वयंपाकघराच्या खिडकीत टिटवीनं टाहो फोडला.

गार इंजिन थोडा धूर सोडतंच, म्हणून सगळे पाच मिनिटं थांबले. मग दहा. धूर निळाच राहिला. रोपवाटिकावाल्यानं वाकून पाहिलं. इंजिनाच्या श्वासनळीच्या रबरी पाइपातून ऑईल ठिबकत होतं. त्यानं थोरल्याला गाडी बंद करायला सांगितलं, हात पुसले, आणि कुणाला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाला, "काळा धूर असता तर फिल्टर बघा म्हटलं असतं. पांढरा असता तरी काही उपाय केला असता. हा निळा आहे, म्हणजे ऑईल जळतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्यात हो, काका. सगळं इंजिन उतरवावं लागेल, तेवढा मला दम नाही."

थोरल्यानं विचारलं, मग घेणारच नाही का?

घेईन, तो म्हणाला. पण तोडायला. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल त्याच्या भावाच्या गाडीला उपयोगी पडतील. बाकीचं भंगारात.

धाकटीनं जावेकडे पाहिलं. विकायचा आग्रह तिचाच, पण तिचाही चेहरा उतरला होता. अप्पांनी खिशातून खडूचा तुकडा काढला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला. मोजणीच्या कामातली जुनी सवय, खिशात खडू असायचाच. मग ते म्हणाले, कागद आणतो, आणि भिंतीला हात लावत आत जायला निघाले. पायऱ्या त्यांच्या सवयीच्या होत्या, तरी पहिली चुकली.

ते धाकटीला बघवलं नाही.

"थांबा जरा, अप्पा," ती म्हणाली. "मी ऑईलची काडी बघते."

थोरला म्हणाला की धूर सगळ्यांनीच बघितलाय, काडी बघून काय कळणार? धाकटीचा नवरा खिडकीतल्या टिटवीला खांद्यावर घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "दादा, बघू दे तिला. ती आपल्या घरात एकटीच आहे जिनं पोट भरायला इंजिनं उघडलीत. आपण नुसती जेवून झाल्यावर, वेळ घालवायला उघडायचो." तो फोटो काढायचा धंदा करायचा, आणि कुठल्याही पेचप्रसंगात आधी विनोद शोधायचा.

बॉनेट वरच होतं. ऑईल खाली उतरायला दहा मिनिटं लागतात, म्हणून धाकटी गप्प उभी राहिली, आणि उभ्या उभ्या तिची नजर बॉनेटच्या आतल्या बाजूला गेली. ती बाजू म्हणजे या घराची वही होती. गाडीला ज्यानं हात लावायचा त्यानं तिथं खडूनं लिहायचं, काय केलं आणि कधी. फिल्टर साफ. ब्रेकचं ऑईल घातलं. पट्टा बदलला. खाली सही म्हणून फक्त ‘अ’ नाहीतर ‘थो’. जागा भरली की अप्पा ओल्या फडक्यानं वरची ओळ पुसायचे. शेवटची नोंद खांबाच्या आदल्या आठवड्यातली. त्यानंतर चार महिने कोरे.

तिनं काडी ओढली, पुसली, पुन्हा बुडवली आणि वर काढून उन्हात धरली. काडीवर दोन खुणा असतात, त्या दोहोंच्या मध्ये ऑईल असावं. इथं ते वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं.

"रिंगा गेलेलं इंजिन ऑईल खातं," ती सावकाश म्हणाली. "मग पातळी खाली जायला हवी. इथं तर पोट फुगलंय."

रोपवाटिकावाला जवळ आला. तोही काही नवखा नव्हता. म्हणाला, फुगलं असेल तर त्याहून वाईट. पंपातून डिझेल आत उतरत असेल, नाहीतर पाणी.

त्याचं म्हणणं रास्त होतं. तसं निघालं तर अप्पांना एकाच सकाळी दोनदा तीच बातमी ऐकायला लागणार, आणि दुसऱ्यांदा तिच्या तोंडून. तिनं जावेला एखादा कोरा कागद आहे का विचारलं. जावेनं पर्समधून उत्तरपत्रिकेची कोरी पुरवणी काढून दिली. धाकटीनं काडीवरचा एक थेंब त्यावर सोडला. पाणी असतं तर ऑईल ताकासारखं फेसाळ, पांढुरकं दिसलं असतं. ते काळं आणि सलग होतं. डिझेल असतं तर थेंबाभोवती पातळ, फिकट कडं पसरलं असतं. सगळे डोकी एकत्र करून त्या डागाकडे बघत राहिले. डाग होता तिथेच, गुमान बसून राहिला. तिनं बोटं चोळून वास घेतला. डिझेलचा नव्हता.

"पातळी तीनच कारणांनी वाढते," ती म्हणाली. "पाणी शिरलं, डिझेल शिरलं, नाहीतर माणूस शिरला. पहिली दोन नाहीत."

मग तिनं वळून विचारलं, शेवटचं ऑईल कुणी घातलं?

थोरला आपले बूट बघत होता. आई पदराच्या टोकानं चष्मा पुसत होत्या, तो आधीच स्वच्छ होता. अप्पा पायरीवरून म्हणाले, बॉनेटवर लिहिलेलं असेल.

"चार महिन्यांत काहीच लिहिलेलं नाही, अप्पा."

"काहीच?" अप्पांना खरोखर आश्चर्य वाटलं. एवढ्या जवळूनही त्यांना आता ते खडूचं लिहिणं दिसत नव्हतं, हे धाकटीच्या तेव्हा ध्यानात आलं.

सगळ्यात आधी थोरला बोलला, तेही बायकोकडे न बघता. फार नाही, एक लिटर. महिन्यापूर्वी दुकानात जाताना खाली ऑईलचा डाग दिसला. विकायची असली म्हणून काय तहानलेली ठेवायची? लिहिलं नाही, कारण... कारण विका म्हणणाऱ्यानंच ऑईल घातलं असं लिहायचं कसं?

जावेनं भुवई वर केली. "आणि मला सांगत होतास की मी त्या डबड्याकडे बघतही नाही."

"बघितलं नाही. नुसतं ओतलं."

हसू यायच्या आधी आईंनी घसा साफ केला. त्यांनीही ओतलं होतं. लिटराहून थोडं कमीच, पाऊण म्हणा. थोरला फोनवर कुणाला तरी सांगत होता, ऑईल कमी पडलं की इंजिन बसतं. ते ऐकून दुपारी सगळे झोपलेले असताना त्यांनी कपाटातला डबा काढला आणि स्वयंपाकघरातलं नरसाळं घेऊन गेल्या. हो, तेच नरसाळं, तेलाचं. घासलंय नंतर, तीनदा. काडी कशी बघतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मनात म्हटलं, पोटात दोन घास जास्त गेले म्हणून कुणी मरत नाही.

"आई!" थोरला आणि धाकटा एकदमच म्हणाले.

"मला काय ओरडता? या गाडीतून मी तुम्हा दोघांना घरी आणलंय, दवाखान्यातून."

आता सगळे पायरीकडे बघायला लागले. मग अप्पांच्या खिशातला खडू पुन्हा बाहेर आला. त्यांना काडीवरची खूण दिसत नव्हती, ते म्हणाले. बोट फिरवून बघितलं, काही कळलं नाही. विचारणार कुणाला? विचारलं तर डोळ्यांचं निघालं असतं, आणि मग दुपारी गाडी सुरू करायलाही कुणी दिलं नसतं. म्हणून अंदाजानं घातलं. एक लिटर.

जावेनं सवयीनं बेरीज केली. "एक आणि पाऊण आणि एक. पावणेतीन लिटर. सहा लिटरच्या पोटात."

"म्हणजे," नवरा टिटवीला थोपटत म्हणाला, "या घरात प्रामाणिकपणे बेफिकीर असा मी एकटाच होतो."

रोपवाटिकावाला हसला तसे सगळेच हसले, अप्पासुद्धा. धाकटी हसली नाही. तिनं सांगून टाकलं की अजून काही सिद्ध झालेलं नाही. जास्तीचं ऑईल घुसळून श्वासनळीतून वर चढतं आणि हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. धूर त्याचा असेल. पण रिंगाही गेलेल्या असू शकतात. ऑईल काढल्यावर कळेल.

मग अंगणाचं वर्कशॉप झालं. थोरल्यानं न सांगता पाना आणला. क्षणभर तो हातात धरून उभा राहिला आणि मग तिच्याकडे दिला. धाकटी पाठीवर झोपून गाडीखाली सरकली, नट हलके हलके सैल केला, आणि काळ्या ऑईलची धार धुण्याच्या बादलीत पडायला लागली. वरून जाऊ काडी बघून आकडे सांगत होती, अगदी पेपर तपासल्यासारखी. अजून वर. अजून वर. खुणेवर. थांब. बाहेर येऊन धाकटीनं श्वासनळीचा पाइप काढून पुसला, हवेच्या फिल्टरच्या वाटीत साचलेलं ऑईल ओतून टाकलं. कितीतरी महिन्यांनी तिच्या हातांना तो वास लागला होता. टिटवीच्या पावडरीखाली जवळजवळ विसरलेला.

"आता सुरू केल्यावर धूर आधी वाढेल," तिनं बजावलं. "वाटेत अडकलेलं जळून जायला हवं. घाबरायचं नाही."

धूर वाढला. रोपवाटिकावाला तीन पावलं मागे गेला आणि त्यानं घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाली. अप्पांना धूर दिसत नव्हता, ते नुसतं ऐकत होते, मान किंचित तिरकी करून. धाकटीही डोळे मिटून ऐकायला लागली. ओला ठोका. ओला. मग मध्येच एक कोरडा. मग दोन.

पंधराव्या मिनिटाला फाटक दिसायला लागलं.

शेवटची परीक्षा बाकी होती. इंजिन चालू असतानाच तिनं ऑईल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवलं. रोपवाटिकावाल्याला कळलं, तो पुढे झाला. बाकीच्यांना तिनं थोडक्यात सांगितलं. रिंगा गेल्या असतील तर आतला दाब झाकणाला उडवून देईल. नसतील तर ते तिथेच राहील. आणि हात काढून घेतला.

झाकण थरथरलं. एका बाजूला सरकलं, काठापाशी आलं. आईंनी थोरल्याचा दंड धरला. झाकण काठावर अडलं आणि तिथेच थरथरत बसलं, गरम भांड्यावरच्या ताटलीसारखं. एक मिनिट. दोन मिनिटं.

"म्हातारी आहे," धाकटी म्हणाली. "पण गेलेली नाही."

अप्पा काही बोलणार होते, पण नवऱ्यानं बोट ओठांवर ठेवलं. टिटवीचं डोकं त्याच्या खांद्यावर कलंडलं होतं. तोंड उघडं, एक मूठ त्याच्या शर्टात. तीन आठवड्यांनी ती या ठोक्यावर झोपली होती. गाडी बंद केली असती तर उठली असती, म्हणून यापुढचं सगळं बोलणं कुजबुजत झालं.

रोपवाटिकावाला कुजबुजला की आता तो गाडी घ्यायला तयार आहे. तोडायला नाही, चालवायला. आणि भाव सकाळचा, भंगाराचा नव्हे.

ही नवीच पंचाईत झाली. थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. जावेनं अप्पांकडे पाहिलं, आणि कुजबुजत्या आवाजातही तिचं म्हणणं पक्कं राहिलं. इंजिन चांगलं निघालं म्हणून डोळे चांगले होत नाहीत. गाडी ठेवायची तर चालवणार कोण?

तिचं खरं होतं. मग जाऊच पुढे म्हणाली, "किल्ली हिच्याकडे राहणार असेल, तर माझी हरकत नाही."

"माझ्याकडे?" धाकटी म्हणाली.

"लायसन्स आहे ना? आणि या घरात काडी वाचता येणारी तू एकटीच दिसतेस."

अप्पा अजून ठोका ऐकत होते. इंजिन धडधडत होतं. धाकटीला वाटलं, आता ते ‘विका’ म्हणतील, त्या दिवशी म्हणाले तसंच. ते पायऱ्या उतरून आले, बॉनेटपाशी थांबले आणि खडू तिच्यापुढे धरला.

"लिही."

तिनं कोऱ्या जागेत लिहिलं, जास्तीचं ऑईल खुणेपर्यंत काढलं. तारीख घातली. सहीच्या जागी हात अडला, मग ‘धा’ लिहिलं. त्याखाली थोरल्यानं महिन्याभरापूर्वीची आपली नोंद उशिरा का होईना केली. आईंनी आयुष्यात पहिल्यांदा तिथं लिहिलं. सहीला ‘आ’ काढला, जरा मोठाच. अप्पांनी सर्वांत शेवटी बोटांनी पत्रा चाचपत आपला ‘अ’ काढला, तो आईंच्या ‘आ’वर चढला. कुणी पुसला नाही.

रोपवाटिकावाला निघताना धाकटीला बाजूला घेऊन म्हणाला की त्याच्याकडे एक पिकअप आहे, सकाळी पांढरा धूर टाकते. एकदा ऐकाल का? तिनं बुधवार सांगितला. बाळ बरोबर असेल, असंही सांगितलं.

बॉनेट लावताना आवाज होतो, म्हणून चौघांनी कडेकडेनं धरून ते खाली टेकवलं. मग अप्पा म्हणाले की एक चक्कर मारून यावी, फाटकापर्यंत नव्हे, चढापर्यंत. धाकटी चालकाच्या जागेवर बसली आणि सीट पुढे ओढायला लागली. अप्पा नेहमीच्या दाराशी गेले, थांबले, आणि बॉनेटवर हात ठेवत वळसा घालून पलीकडे आले. तिथल्या दाराची मूठ त्यांनी ओढली. पुन्हा ओढली. दार उघडेना.

"बिघडलंय वाटतं," ते हळूच म्हणाले.

आईंनी त्यांचा हात बाजूला केला. "बिघडलेलं नाही. आधी वर उचलायचं, मग ओढायचं. तीस वर्षं मी असंच उघडतेय." आणि त्यांनी दार उघडून धरलं.